गांजाचे अवलंबित्व आणि सोबतचे मनोविकार : निदान व नोंदींविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मानसोपचाराच्या कामाला नव्याने लागलेले डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ, समुपदेशक आणि केसपेपर सांभाळणारे कर्मचारी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते येथे एकत्र केले आहेत. ‘गांजा’ हा शब्द सोयीसाठी वापरला आहे. त्यात चरस, भांग, अर्क, तेल आणि खाद्यपदार्थांतून घेतले जाणारे सर्व प्रकार धरावेत.

रोज गांजा ओढतो, एवढ्यावरून अवलंबित्वाचे निदान करता येते का?

नाही. रोजचे सेवन हा मोठा इशारा आहे, पण निदान नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-१० या वर्गीकरणानुसार मागील वर्षभरात सहापैकी किमान तीन गोष्टी एकत्र दिसाव्या लागतात : तीव्र तल्लफ, सेवनावरचा ताबा सुटणे, थांबवल्यावर त्रास होणे, तोच परिणाम मिळवण्यासाठी मात्रा चढत जाणे, इतर कामे व आवडी मागे पडणे, आणि नुकसान होत असल्याचे दिसत असूनही सेवन चालू राहणे. या सहांपैकी कोणत्या आढळल्या हे नाव घेऊन लिहिले नाही, तर नोंदीतला ‘अवलंबित्व’ हा शब्द वाचणाऱ्याला काहीच सांगत नाही. ‘गांजाचे व्यसन आहे’ एवढीच ओळ असलेले केसपेपर आपण सर्वांनी पाहिले आहेत. पुढच्या डॉक्टरला तेथून पुन्हा शून्यापासून सुरुवात करावी लागते.

हानिकारक सेवन आणि अवलंबित्व यांत नेमका फरक कोणता?

हानिकारक सेवनात शरीराला किंवा मनाला प्रत्यक्ष इजा झालेली असते, परंतु सेवनाची लगाम अजून माणसाच्या हातात असते. अवलंबित्वात ती सुटलेली असते. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात अति ओढल्याने घाबरण्याचे झटके आलेला आणि त्यानंतर स्वतःहून थांबलेला विद्यार्थी पहिल्या गटात बसतो. तसे झटके येत असूनही, थांबायचे ठरवूनही, सायंकाळ झाली की ज्याचे पाय पुन्हा तिकडेच वळतात, त्याच्याबाबत दुसऱ्या गटाचा विचार करावा. दोन्ही निदाने एकाच वेळी देऊ नयेत. अवलंबित्व सिद्ध झाले की हानिकारक सेवन त्यातच सामावते.

आयसीडी-१०, आयसीडी-११ आणि डीएसएम-५ यांचे निकष जुळत नाहीत. कोणते वापरावेत?

आपल्या संस्थेत जे वर्गीकरण लागू आहे तेच वापरावे आणि त्याचे नाव नोंदीत लिहावे. एकातून एक निकष आणि दुसऱ्यातून दुसरा उचलणे मात्र पूर्ण टाळावे.

आयसीडी-११ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. त्यात सहा निकषांचे तीन गट केले आहेत : सेवनावरचा ताबा कमी होणे, आयुष्यात सेवनाला वाढते प्राधान्य मिळणे, आणि शारीरिक सवय लागल्याच्या खुणा. यांपैकी दोन गट पुरेसे ठरतात. कालावधी साधारणपणे १२ महिन्यांचा धरला जातो, परंतु सेवन रोज किंवा जवळजवळ रोज असेल तर ३ महिन्यांवरही निदान करता येते. अमेरिकन सायकिऍट्रिक असोसिएशनने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या डीएसएम-५ मध्ये ‘अवलंबित्व’ हे नावच काढून टाकले आहे. तेथे ‘सेवन विकार’ आहे, ११ निकष आहेत, आणि १२ महिन्यांत दोन किंवा तीन निकष आढळल्यास सौम्य, चार किंवा पाच असल्यास मध्यम, सहा किंवा अधिक असल्यास तीव्र असे म्हटले जाते. सौम्य सेवन विकार असलेल्या रुग्णाला आयसीडीनुसार अवलंबित्व असेलच असे नाही, म्हणून एका वर्गीकरणातले निदान दुसऱ्यात उतरवताना निकष नव्याने मोजावेत.

सेवनाचा इतिहास किती तपशिलात लिहावा?

माझ्या मते सगळ्या नोंदीचा कणा हाच आहे, म्हणून येथे हात आखडू नये. पहिल्यांदा कधी घेतला, नियमित कधीपासून, रोज कधीपासून, दिवसातून किती वेळा, सकाळी उठल्याबरोबर लागतो का, एकट्याने घेतो की सोबतीने, चिलीम की सिगारेट की खाण्यातून, तंबाखू मिसळून की नुसता, आणि शेवटचे सेवन नेमके केव्हा झाले, हे सगळे लिहावे. गांजाची मात्रा दारूसारखी पेगांत मोजता येत नाही, कारण मालातील टीएचसीचे (गांजातील नशा आणणाऱ्या मुख्य द्रव्याचे) प्रमाण फार कमीजास्त असते. तरीही एका पुडीचे वजन अंदाजे किती आणि ती किती दिवस पुरते, हे विचारले की बऱ्यापैकी अंदाज येतो. सिंथेटिक कॅनाबिनॉइड्सची (गांजासारखा परिणाम करणाऱ्या कृत्रिम द्रव्यांची) चौकशी वेगळी करावी, कारण आयसीडी-११ मध्ये त्यांचा विभागच वेगळा आहे.

आणखी एक प्रश्न हमखास विसरला जातो : सेवनाशिवायचा सर्वांत मोठा काळ कोणता होता, आणि त्या काळात मन कसे होते? सोबतच्या मनोविकाराचे निम्मे कोडे याच उत्तरात सुटते.

गांजा सोडल्यावर खरोखर त्रास होतो का? रुग्ण आणि काही डॉक्टरही ‘गांजाची सवय लागत नाही’ असे म्हणतात.

त्रास होतो. दारू सोडल्यावर येऊ शकतात तसे जीवघेणे झटके येथे सहसा दिसत नाहीत, म्हणून तो नजरेआड होतो इतकेच. चिडचिड किंवा राग, अस्वस्थ काळजी, झोप न लागणे किंवा विचित्र स्वप्ने, भूक मंदावणे, बेचैनी, उदास मन, आणि पोटदुखी, कंप, घाम, थंडी वाजणे, डोकेदुखी यांपैकी एखादा शारीरिक त्रास, अशी लक्षणांची यादी डीएसएम-५ मध्ये दिली आहे. तिच्यातील किमान तीन लक्षणे थांबल्यापासून आठवडाभरात दिसावी लागतात. सुरुवात बहुधा २४ ते ७२ तासांत होते, पहिल्या आठवड्यात जोर असतो, आणि एक ते दोन आठवड्यांत बहुतेक त्रास ओसरतो. झोप मात्र महिन्याहून अधिक काळ बिघडलेली राहू शकते.

निदानाच्या दृष्टीने खरी अडचण पुढे येते. ही यादी नैराश्य किंवा चिंताविकाराच्या यादीशी इतकी मिळतीजुळती आहे की, सोडल्याच्या चौथ्या दिवशी तपासलेल्या माणसाला नैराश्याचा शिक्का सहज बसतो. ‘डॉक्टर, ओढला तरच झोप लागते, नाहीतर रात्रभर छताकडे बघत पडतो,’ असे रुग्ण सांगतो तेव्हा तो बहुधा खरेच सांगत असतो. पण ती झोप गांजा आणतो, की गांजाच्या अभावाने गेलेली झोप गांजा परत आणतो, हे लक्षणांच्या तारखा मांडल्याशिवाय कळत नाही.

लघवीची चाचणी पॉझिटिव्ह आली, तर निदान पक्के धरावे का?

चाचणी फक्त संपर्क सांगते, अवलंबित्व सांगत नाही. प्राथमिक चाचणीत टीएचसीचे चयापचयातून बनलेले द्रव्य शोधले जाते आणि त्यासाठी प्रचलित मर्यादा दर मिलिलिटरला ५० नॅनोग्रॅम ही आहे. टीएचसी चरबीत साठते, त्यामुळे एखाद्या वेळच्या सेवनानंतर चाचणी साधारण तीन दिवस पॉझिटिव्ह राहते, तर वर्षानुवर्षे रोज भरपूर ओढणाऱ्यात ती महिनाभर किंवा त्याहूनही अधिक काळ तशीच येऊ शकते. म्हणून तीन आठवड्यांनी पुन्हा पॉझिटिव्ह आली की ‘खोटे बोलतोय’ असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे ठरते. उलट बाजूने, निगेटिव्ह चाचणीने सिंथेटिक कॅनाबिनॉइड्स वगळली जात नाहीत, कारण नेहमीच्या चाचणीत ती सापडत नाहीत. नोंदीत नमुना घेतल्याची तारीख, चाचणीचा प्रकार आणि पुष्टीची चाचणी झाली की नाही, हे लिहावे.

प्रश्नावल्यांचा उपयोग कितपत?

चाळणी म्हणून चांगला. क्युडिट-आर या आठ प्रश्नांच्या प्रश्नावलीत मागील सहा महिन्यांचा विचार होतो. ३२ पैकी ८ किंवा अधिक गुण धोकादायक सेवन सुचवतात, आणि १२ किंवा अधिक गुण आल्यास सेवन विकाराची सविस्तर तपासणी करावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या असिस्ट या प्रश्नावलीत गांजासाठी ४ ते २६ गुण मध्यम धोका आणि २७ पासून पुढे अधिक धोका मानतात. गुण केसपेपरवर लिहावेत, पण निदानाच्या जागी लिहू नयेत.

सायकोसिस (भास, संशय यांमुळे वास्तवाचे भान सुटणे) गांजामुळे झाला की तो मूळचाच, हे कसे ठरवावे?

सर्वाधिक चुका येथे होतात, आणि त्या दोन्ही दिशांना होतात. एकीकडे गांजाचे नाव निघताच ‘नशेमुळे झाले, सोडला की बरा होईल’ असे म्हणून रुग्णाला घरी पाठवले जाते. दुसरीकडे पहिल्याच दिवशी स्किझोफ्रेनिया लिहिला जातो आणि तो शब्द मग केसपेपरवरून कधीच उतरत नाही.

विचार चार अंगांनी करावा. पहिले अंग म्हणजे क्रम : संशय, भास किंवा विचारांतला विस्कळीतपणा सेवन वाढण्याच्या आधीपासून होता का? दुसरे, काळ. आयसीडी-१० नुसार नशेमुळे होणारा सायकोसिस सेवन चालू असताना किंवा त्यानंतर लगेच, बहुधा ४८ तासांच्या आत, सुरू होतो, महिन्याभरात निदान काही अंशी ओसरतो आणि सहा महिन्यांत पूर्ण जातो. आयसीडी-११ मध्येही सेवन थांबल्यावर महिनाभर किंवा अधिक काळ टिकलेली लक्षणे मूळ विकाराकडे बोट दाखवतात असे मानले आहे. तिसरे अंग प्रमाणाचे : दोन झुरक्यांनंतर आठवडाभर टिकलेले भास निव्वळ गांजाच्या खात्यावर टाकता येत नाहीत. चौथे अंग पूर्वेतिहास आणि घराण्यातील मनोविकार. नशा चढलेली असताना काही तास आलेला संशय सायकोसिस म्हणून नव्हे, तर तीव्र नशा म्हणून नोंदवावा.

हे सगळे करूनही निदान ‘गांजाजन्य’ ठरले, तरी पाठपुरावा सोडू नये. गांजाजन्य सायकोसिसचे निदान झालेल्या रुग्णांपैकी सुमारे एकतृतीयांश रुग्णांचे निदान पुढे स्किझोफ्रेनिया असे बदलते, हे अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या विश्लेषणात २०२० मध्ये दिसले. अन्य कोणत्याही नशेजन्य सायकोसिसपेक्षा हे प्रमाण जास्त होते. धोका सेवनाच्या प्रमाणाबरोबर वाढतो, असे स्वीडनमधील लष्करभरतीच्या तरुणांवरील १९८७ च्या अभ्यासापासून दिसत आले आहे. युरोपातील अनेक शहरांत मिळून झालेल्या २०१९ च्या अभ्यासात रोज सेवन करणाऱ्यांत सायकोसिसची शक्यता कधीच न घेणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे तिप्पट, आणि रोज तीव्र टीएचसी असलेला माल घेणाऱ्यांत जवळजवळ पाचपट आढळली. तेव्हा ‘गांजाजन्य’ हा शब्द दिलासा म्हणून वापरू नये.

नैराश्य, चिंता आणि ‘कशातच रस नाही’ या तक्रारींचे काय?

तत्त्व तेच : आधी काय होते, सेवनाशिवायच्या काळात काय उरले, आणि थांबवून सुमारे महिना झाल्यावर काय शिल्लक आहे. मात्र महिनाभर थांबून पाहण्याचा सल्ला निदानापुरता आहे, उपचारापुरता नव्हे. तीव्र नैराश्य, आत्महत्येचे विचार किंवा आधीपासून सिद्ध झालेला विकार असेल तर उपचार त्याच दिवशी सुरू व्हायला हवेत.

निरुत्साहाबाबत एक सूचना. दीर्घ सेवनात दिसणारी मरगळ, नैराश्यातला रसाचा अभाव आणि स्किझोफ्रेनियातली भावशून्यता वरवर सारख्याच भासतात. नैराश्यात बहुधा दुःख, अपराधभाव आणि निराशेचे विचार सापडतात, तर नुसत्या मरगळीत रुग्ण ‘तसं ठीकच आहे’ म्हणून खांदे उडवतो. ही खूण पक्की नाही, पण प्रश्न कोणत्या दिशेने विचारायचे ते तिच्यामुळे कळते. लक्ष न लागण्याच्या तक्रारीवरून एडीएचडी (लहानपणापासूनचा अवधान व अतिचंचलतेचा विकार) लिहिण्याआधी ती लक्षणे वयाच्या १२व्या वर्षाआधी होती का, हे पालकांकडून किंवा शाळेच्या कागदांवरून पडताळावे.

आत्महत्येच्या धोक्याची नोंद प्रत्येक वेळी करावी का?

हो, दर भेटीत, आणि ‘विचारले, विचार नाहीत’ असे उत्तर असले तरीही. विचारल्याने विचार रुजत नाहीत. सोडल्यानंतरचे पहिले दोन आठवडे आणि सायकोसिस ओसरल्यानंतर भान येण्याचा काळ विशेष जपण्याचा असतो.

मळमळ आणि वारंवार उलट्या यांचा येथे काय संबंध?

वर्षानुवर्षे जवळजवळ रोज सेवन करणाऱ्या काहींना उलट्यांचे तीव्र हल्ले येतात आणि कढत पाण्याने अंघोळ केली की तेवढ्यापुरते बरे वाटते. हे वर्णन वैद्यकीय साहित्यात २००४ मध्ये प्रथम आले. अंघोळीची सवय विचारली नाही तर हे निदान हुकते, आणि रुग्णाच्या पोटाच्या तपासण्या संपता संपत नाहीत.

औषधांच्या दृष्टीने कोणती नोंद राहून जाते?

तंबाखूची. धूम्रपानामुळे यकृतातील एक एन्झाइम सक्रिय होते आणि क्लोझापिन व ओलान्झापिन ही सायकोसिसवरची औषधे शरीरातून लवकर बाहेर पडतात. रुग्ण दाखल झाला, तंबाखू मिसळलेला गांजा एकदम बंद झाला, मात्रा मात्र तीच ठेवली, तर या औषधांची रक्तातील पातळी वाढून गुंगी आणि त्याहून गंभीर परिणाम होऊ शकतात. म्हणून ‘गांजा बंद’ एवढे न लिहिता ‘धूम्रपान बंद, दिनांक अमुक’ असे लिहावे.

कोड देताना कोणती चूक सर्रास होते?

दोन वेगवेगळ्या आवृत्त्यांची सरमिसळ. आयसीडी-१० मध्ये गांजाचा विभाग एफ १२ आहे : .० तीव्र नशा, .१ हानिकारक सेवन, .२ अवलंबित्व, .३ सोडल्यानंतरची अवस्था, .५ सायकोसिस. यापुढचा अंक मात्र फसवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मूळ आवृत्तीत एफ १२.२० म्हणजे अवलंबित्व असलेला पण सध्या सेवन न करणारा, एफ १२.२१ म्हणजे सेवनापासून दूर, पण संरक्षित वातावरणात, आणि एफ १२.२४ म्हणजे सध्या सेवन करणारा. अमेरिकेत वापरल्या जाणाऱ्या सुधारित आवृत्तीत तोच एफ १२.२० गुंतागुंत नसलेल्या अवलंबित्वासाठी आणि एफ १२.२१ सेवन थांबलेल्या अवस्थेसाठी आहे. संगणकात शोधून सापडलेला कोड डोळे झाकून लिहिला, तर रोज ओढणारा माणूस कागदोपत्री सुटलेला ठरतो.

आयसीडी-११ मध्ये गांजाचा विभाग ६सी४१, अवलंबित्व ६सी४१.२, सोडल्यानंतरची अवस्था ६सी४१.४ आणि गांजाजन्य सायकोसिस ६सी४१.६ आहे. गांजाजन्य भावविकार व चिंताविकार यांना ६सी४१.७० आणि ६सी४१.७१ अशी स्वतंत्र जागा मिळाली आहे.

दोन निदाने असतील तर आधी कोणते लिहावे?

ज्या कारणासाठी रुग्ण या खेपेस आला किंवा दाखल झाला, ते आधी. मात्र दोन्ही विकारांचा परस्परसंबंध डॉक्टरने शब्दांत लिहायला हवा : ‘गांजामुळे’, ‘गांजासोबत, स्वतंत्र’ किंवा ‘संबंध अद्याप अनिश्चित’. नोंदी सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याने हा संबंध स्वतः गृहीत धरू नये, तर डॉक्टरला परत विचारावे.

सोडून किती काळ झाला की ‘मुक्त’ म्हणता येते?

डीएसएम-५ नुसार ३ महिन्यांनंतर आणि १२ महिन्यांपर्यंत प्रारंभिक, त्यापुढे दीर्घकालीन. तल्लफ शिल्लक असली तरी चालते, बाकीचे निकष शिल्लक नसावेत. रुग्णालयात किंवा कोठडीत असताना सुटलेला गांजा ‘नियंत्रित वातावरणात’ अशा शेऱ्यासह लिहावा.

नोंदीची भाषा कशी असावी?

रुग्णाने हा कागद उद्या स्वतः वाचला तर त्याला त्यात आपण दिसू, अशी. ‘गांजेकस’, ‘नशेडी’, ‘ऐकत नाही’ हे शब्द माहिती देत नाहीत, ते फक्त लिहिणाऱ्याचा कंटाळा सांगतात. रुग्णाचे म्हणणे, नातेवाइकांचे म्हणणे आणि आपले निरीक्षण ही तीन वेगळी ठेवावीत. ‘रोज दहा वेळा ओढतो’ हे आईचे म्हणणे असेल तर ‘आईच्या सांगण्यानुसार’ असे लिहिणे भाग आहे, कारण हा कागद पुढे नोकरी, विमा किंवा न्यायालयापर्यंत पोहोचू शकतो. त्याच कारणाने, माहिती कोणाला दिली, कोणाच्या संमतीने दिली आणि किती दिली, हेही तारखेसह लिहावे.

चांगल्या नोंदीचा एखादा नमुना मिळेल का?

पुढील रुग्ण काल्पनिक आहे.

‘वय २४, पुरुष. गांजा १७व्या वर्षापासून, गेली ३ वर्षे रोज, दिवसातून ४ ते ५ वेळा, तंबाखू मिसळून सिगारेटमधून. शेवटचे सेवन काल रात्री (स्वतः व भाऊ, दोघांच्या सांगण्यानुसार). मागील १२ महिन्यांत तीव्र तल्लफ. कमी करण्याचे ३ प्रयत्न फसले. थांबवल्यावर दुसऱ्या दिवसापासून चिडचिड, निद्रानाश, भूक मंद, पुन्हा ओढल्यावर आराम. नोकरी सुटूनही सेवन चालू. आयसीडी-१० च्या ६ पैकी ४ निकष. ३ आठवड्यांपासून शेजारी पाळत ठेवतात असा ठाम संशय, कोणी नसताना आवाज ऐकू येतात. सेवनाशिवायचा सर्वांत मोठा काळ २ वर्षांपूर्वी, ५ आठवडे; तेव्हा अशी लक्षणे नव्हती. मावशीला दीर्घकालीन मनोविकार. लघवीत टीएचसी पॉझिटिव्ह (प्राथमिक चाचणी). सिंथेटिकची चाचणी केलेली नाही. आत्महत्येचे विचार विचारले, नाहीत. निदान : गांजा अवलंबित्व, सध्या सेवन चालू, एफ १२.२४. सायकोसिस, गांजाजन्य असण्याची शक्यता अधिक, मूळ सायकोसिस वगळलेला नाही. सेवन बंद ठेवून ४ आठवड्यांनी पुनर्मूल्यांकन.’

चार आठवड्यांनी निदान बदलले तर जुनी नोंद दुरुस्त करावी का?

जुन्या नोंदीला हात लावू नये. नव्या तारखेने नवे निदान लिहावे आणि ते कशामुळे बदलले तेही लिहावे, उदाहरणार्थ, ‘सेवन थांबून ३२ दिवस, आवाज कायम, म्हणून मूळ सायकोसिस’. त्या दिवशी हाती असलेल्या माहितीवर पहिले निदान योग्यच होते, आणि पुढच्या वाचकाला दोन्ही लागतात.